आठ आठवड्यांत २१ किलोमीटर: ठाणे-नवी मुंबईत पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. नवशिक्याला तयारीसाठी चार महिने मिळाले तर उत्तम, पण बहुतेकांना ते मिळत नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकतं, चौघं नाव नोंदवतात, आणि मग कॅलेंडर बघितल्यावर कळतं की हातात आठच आठवडे उरलेत. त्या चौघांसाठी हा लेख.

एक गोष्ट आजच पक्की करा: या आठ आठवड्यांत वेग वाढवायचा नाही, न थांबता पायांवर राहण्याचा वेळ वाढवायचा. दम लवकर वाढतो, पाय उशिरा घडतात. हृदय-फुप्फुसं तीन-चार आठवड्यांत बरीच सरावतात. हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या यांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून चौथ्या आठवड्यात ‘आता जमतंय’ असं वाटतं, माणूस जोर लावतो आणि पाचव्या आठवड्यात नडगी धरून बसतो. घाईची तयारी मोडते ती बहुधा इथेच.

१. आधी ठरवा: २१ की १०?

एखाद्या सकाळी ५ किलोमीटर करून बघा. थोडं पळा, थोडं चाला, चालेल. ते ४५ मिनिटांच्या आत झालं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा किंवा नडगी दुखली नाही, तर २१ ची तयारी सुरू करायला हरकत नाही. तेवढं जमत नसेल तर १० किलोमीटरचा गट घ्या. गट बदलून देतात का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आयोजकांना आजच मेल करून विचारा. शेवटच्या आठवड्यात सहसा कुणी बदलून देत नाही.

वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. ते गरज बघून ईसीजी किंवा ट्रेडमिलवरची तपासणी सांगतील. पळताना छातीत दडपण, चक्कर किंवा वेडीवाकडी धडधड आली तर पळणं तिथेच थांबवून थेट डॉक्टर गाठा.

२. कट-ऑफ बघा आणि पेस काढा

प्रत्येक शर्यतीला कट-ऑफ असतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचला नाहीत तर रस्ता वाहतुकीला खुला करतात. काही शर्यतींत मध्येही वेळेची मर्यादा असते. नियमांच्या पानावर दोन्ही आकडे शोधून लिहून ठेवा. कट-ऑफ ३ तासांचा असेल तर किलोमीटरला सरासरी ८ मिनिटं ३२ सेकंद मिळतात, यालाच पेस म्हणतात; साडेतीन तासांचा असेल तर ९ मिनिटं ५७ सेकंद. शर्यतीत प्रसाधनगृहाची रांग आणि पाण्याचे थांबेही असतात, तेव्हा हाताशी निदान दहा मिनिटं राखून ठेवा.

३. सामान

पैसे खर्च करायचेच असतील तर बुटांवर करा. बूट संध्याकाळी घ्या, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. ज्या मोज्यांत पळणार तेच घालून दुकानात जा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. रोजच्या बुटांपेक्षा अर्धा नंबर मोठा घ्यावा लागतो, काहींना पूर्ण. बूट पहिल्याच आठवड्यात आणा, म्हणजे शर्यतीपर्यंत त्यांत शंभराहून जास्त किलोमीटर होतील. घरातला चार वर्षांपूर्वीचा ‘जवळजवळ नवाच’ जोड नको. वापरला नाही तरी तळव्याचा फोम कडक होतो आणि चिकटवलेला सोल सुटू शकतो.

बाकीची यादी:

- पूर्ण सुती नसलेले मोजे, दोन-तीन जोड. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि फोड आणतो.
- घाम सुकवणारा टीशर्ट, मांड्या न काचणारी शॉर्ट किंवा टाइट्स. महिलांसाठी घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा. लाँग रनला, म्हणजे रविवारच्या लांब पळण्याला, काचते का ते आधीच तपासा.
- व्हॅसलीन: जांघा, काखा, स्तनाग्रं, ब्राची पट्टी, पायाची बोटं. आपल्या दमट हवेत दहा किलोमीटरनंतर याची किंमत कळते.
- अर्ध्या लिटरची बाटली किंवा कमरेचा पट्टा, ओआरएसची पाकिटं.
- पहाटेसाठी चमकणारी पट्टी किंवा छोटा दिवा.
- खिशात घरच्यांचा नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी, आणि रिक्षापुरते पैसे.

घड्याळ नसलं तरी चालतं. फोनवरचं ॲप पुरतं, मात्र पावसात फोन झिपच्या पिशवीत ठेवा.

४. आठ आठवड्यांचा आराखडा

आठवड्यात तीनच दिवस पळायचं: मंगळवार, गुरुवार, रविवार. बुधवारी आणि शुक्रवारी पंधरा मिनिटं ताकदीचे व्यायाम. सोमवार आणि शनिवार आराम. रोज लोकलमध्ये तासभर उभं राहून जाणाऱ्याने तोही पायांवरचा भार धरावा आणि चौथा दिवस घुसवू नये.

मंगळवारचं पळणं ३० ते ४० मिनिटं, अगदी सावकाश. गुरुवारी ४० ते ५० मिनिटं. तिसऱ्या आठवड्यापासून त्यातली मधली दहा-पंधरा मिनिटं शर्यतीच्या पेसला. सावकाश म्हणजे किती, तर सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे.

रविवारचा लाँग रन हाच खरा अभ्यास:

- पहिला आठवडा: ८ किलोमीटर
- दुसरा: १०
- तिसरा: १२
- चौथा: ९
- पाचवा: १४
- सहावा: १६
- सातवा: १०
- आठवा: शर्यत

चौथ्या आठवड्यात आकडा मुद्दाम खाली आणला आहे. शरीर त्या आठवड्यात दुरुस्ती करतं. तो गाळून थेट १४ ला उडी मारू नका. १६ च्या पुढेही जाऊ नका. ‘एकदा २१ करून बघितलं की धीर येईल’ असं खूपजणांना वाटतं, पण कमी तयारीत केलेल्या त्या २१ मधून सावरायला दोन-तीन आठवडे जातात आणि शर्यतीला पाय शिळे राहतात. १६ आरामात झाले तर उरलेले ५ शर्यतीच्या दिवशी होतात.

आठवडा बुडला तर भरून काढायचा नाही. तापात, ऑफिसच्या ऑडिटमध्ये किंवा गणपतीत एक आठवडा गेला, तर आधीच्या लाँग रनपासून पुन्हा सुरू करा आणि १६ ऐवजी १४ वर समाधान माना. दोन आठवड्यांहून जास्त गेले तर गट बदलून १० किलोमीटर पळा.

ताकदीचे व्यायाम घरच्या घरी: पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, १५ चे तीन फेरे, खुर्चीला टेकेपर्यंत बसून उठणं, १२ चे तीन फेरे, पाठीवर झोपून कंबर उचलणं, १५ चे दोन फेरे, प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकवून शरीर सरळ धरणं), ३० सेकंद तीनदा. पोटरी आणि पार्श्वभाग कमकुवत असले की गुडघा आणि नडगी त्यांची किंमत मोजतात, म्हणून हे टाळू नका.

५. रन-वॉक पहिल्या मिनिटापासून

कमी वेळात तयारी करणाऱ्याला ही एक युक्ती बाकी सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते: ४ मिनिटं पळा, १ मिनिट झपाझप चाला, पुन्हा ४ पळा. शेवटपर्यंत हेच.

गणित करून बघा. किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या पेसने ४ मिनिटांत साधारण ५३० मीटर होतात. चालण्याच्या मिनिटात आणखी ८५-९० मीटर. म्हणजे ५ मिनिटांत ६२० मीटर, सरासरी किलोमीटरला ८ मिनिटांहून थोडं जास्त. या हिशेबाने २१.१ किलोमीटर २ तास ५० मिनिटांत होतात आणि तीन तासांच्या कट-ऑफमध्येही बसतात.

चूक होते ती चालणं पुढे ढकलण्यात. पहिले आठ किलोमीटर पाय हलके असतात, बाजूने लोक पुढे जात असतात, मग वाटतं ‘दमलो की चालू’. दमल्यानंतरचं चालणं पळण्याकडे परत येत नाही. चौदाव्या किलोमीटरला पोटऱ्या आवळतात आणि उरलेला रस्ता पाय ओढत जातो. पोटरीला दर चार मिनिटांनी मिळणारी सवड दमण्याच्या आधीच मिळाली पाहिजे, तरच तिचा उपयोग. म्हणून घड्याळाला गजर लावा आणि पहिल्या लाँग रनपासून हेच करा. ४:१ जड जात असेल तर ३:१ घ्या, २:१ घ्या. गर्दीत चालायला लागण्याआधी हात वर करा आणि डावीकडे सरका, नाहीतर मागचा येऊन आदळतो.

६. कुठे पळायचं

ठाण्यात रोजच्या पळण्याला उपवन किंवा तलावपाळीचा परिसर पहाटे चांगला. सकाळी साडेसहानंतर फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढते आणि वळणं घेत पळावं लागतं. लाँग रनला एकाच तलावाभोवती गिरक्या घेतल्या तर एका बाजूच्या घोट्यावर ताण येतो. निम्म्यात दिशा बदला.

उपवनकडून येऊर चढणं ताकदीला छान, पण दोन अटींवर. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे. उजाडल्याशिवाय आणि एकट्याने जायचं नाही, वनखात्याच्या गेटवरच्या वेळा पाळायच्या. दुसरं, चढ दमवतो तर उतार दुखवतो. उतरताना छोटी पावलं टाका किंवा सरळ चाला. पंधरवड्यातून एकदा पुरे, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत अजिबात नको.

घोडबंदर रोडच्या मुख्य मार्गावर पळू नका. अवजड गाड्या, धूळ आणि अचानक संपणारे फूटपाथ असा तो रस्ता आहे. कोलशेत किंवा हिरानंदानी इस्टेटमधले आतले रस्ते त्यापेक्षा बरे.

नवी मुंबईत सपाट जागेची चंगळ आहे. नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं मिनी सी शोअर आणि खारघरच्या सेंट्रल पार्कचा परिसर रोजच्या पळण्याला पुरेसा. पाम बीच रस्ता सरळ आणि सपाट म्हणून लाँग रनला खुणावतो, पण पहाटे मोकळा असल्यामुळेच तिथे गाड्या सुसाट असतात. फूटपाथ सोडून कडेच्या लेनमध्ये उतरू नका. चढ हवा असेल तर बेलापूरचं पारसिक हिल.

कुठेही पळा, वाहनं समोरून येतील अशा बाजूने पळा, आणि दोन्ही कानांत इअरफोन नकोत. कुत्री मागे लागली तर पळणं थांबवून शांतपणे चालत निघा. पळणाऱ्यामागे ती जास्त धावतात. लाँग रनचा रस्ता असा निवडा की दर ३-४ किलोमीटरवर पाण्याची टपरी, पेट्रोल पंप किंवा स्टेशन लागेल.

पावसाळ्यातली तयारी असेल तर

ठाण्याची वर्षा मॅरेथॉन ऑगस्टमध्ये असते, म्हणजे तिची तयारी ऐन जून-जुलैत येते. ओले पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि शेवाळ यांवर पाय सटकतो. पावलं आखूड ठेवा. साचलेल्या पाण्यातून पळू नका. खड्डा दिसत नाही हे एक, आणि पायाला फोड किंवा खरचटलेलं असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा तापाचा आजार) धोका असतो हे त्याहून मोठं. अशा पाण्यातून जावंच लागलं तर घरी आल्यावर साबणाने पाय धुवा आणि डॉक्टरांना विचारा. पुढच्या दिवसांत ताप आला तर पाण्यात गेल्याचं आठवणीने सांगा. विजा कडाडत असतील तर घरीच थांबा. बूट पंख्याखाली ठेवून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दर दोन तासांनी बदला, सकाळपर्यंत सुकतात.

७. पाणी आणि मीठ

आपल्याकडे थर्मामीटरचा आकडा फसवा. हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम सुकतच नाही, नुसता गळतो, आणि शरीर थंड होत नाही. त्यामुळे थंडीतला पेस मे-जूनमध्ये धरायला गेलात तर हृदयाचे ठोके नाहक चढतात. दमट दिवसांत किलोमीटरला अर्धं मिनिट सोडून द्या आणि पहाटे साडेपाचपर्यंत बाहेर पडा.

तुम्हाला किती पाणी लागतं ते मोजता येतं. तासाभराच्या पळण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. जेवढे किलो कमी झाले तेवढे लिटर घाम गेला. मध्ये पाणी प्यायला असाल तर तेही त्यात मिळवा. लाँग रनला त्याच्या निम्मं ते पाऊण, घोटाघोटाने प्या.

वजन पळण्यानंतर वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पीत आहात. नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून तासाभराच्या पुढच्या पळण्यात पाण्याबरोबर ओआरएस हवं. मोठं पाकीट १ लिटरसाठी असतं, छोटं २०० मिलीलिटरसाठी; पाकिटावर वाचून तेवढ्याच पाण्यात घोळा. मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणं ही नेहमीची चूक, त्याने पोट बिघडतं. घरी करायचं तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लिंबू चवीपुरतं.

८. खाणं

दीड-दोन तासांच्या पुढे स्नायूंमधला ऊर्जेचा साठा संपत येतो, म्हणून लाँग रनमध्ये पंचेचाळिसाव्या मिनिटापासून दर अर्ध्या तासाने थोडं गोड खा: एक केळं, किंवा दोन-तीन खजूर, किंवा एक जेल (छोट्या पाकिटातलं साखरेचं घट्ट द्रव). तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा अंदाज धरा. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. जेल घेतलंत तर साध्या पाण्याबरोबर, ओआरएसबरोबर नको. शेंगदाण्याची चिक्की पळताना घशात अडकते आणि पचायलाही जड.

पळण्याआधी दीड-दोन तास: केळं, ब्रेड-जॅम किंवा कमी तेलाचे पोहे. पहाटे तेवढा वेळ नसेल तर दोन खजूर आणि अर्धा कप चहा. जे शर्यतीच्या सकाळी खाणार ते निदान तीन लाँग रनला खाऊन पचवलेलं असलं पाहिजे.

९. दुखणं ओळखा

दोन्ही पायांचे स्नायू सारखे दुखत असतील आणि पाच मिनिटं चालल्यावर मोकळे होत असतील तर चिंता नाही. एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं वेगळं. नडगीच्या हाडावर एक बिंदू दाबला की कळ येते, रात्रीही ठणकतं, असं असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पळणं बंद करून अस्थितज्ज्ञांकडे जा. चाल बदलायला लावणाऱ्या कुठल्याही दुखण्यावर पळायचं नाही.

लाँग रनच्या किंवा शर्यतीच्या आधी दुखू नये म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी होत असताना ती मूत्रपिंडाला इजा करू शकते, शिवाय दुखण्याचा इशारा दडपते. तापात पळायचं नाही; ताप गेल्यावरही दोन-तीन दिवस फक्त चाला.

१०. शेवटचे दहा दिवस आणि कागदपत्रं

आता फिटनेस वाढणार नाही, दमणूक मात्र वाढू शकते. शेवटच्या आठवड्यात मंगळवारी ३० मिनिटं, गुरुवारी २० मिनिटं, बस्स. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, म्हणून आदल्याच्या आदल्या रात्री नीट झोपा.

बिब (छातीवर लावायचा नंबरचा कागद) बहुतेक मोठ्या शर्यतींत आधीच्या दोन-तीन दिवसांत घ्यावा लागतो, त्याच सकाळी मिळत नाही. मुंबईची जानेवारीतली शर्यत असेल तर ऑफिसच्या दिवशी त्यासाठी अर्धा दिवस बाजूला ठेवा. न्यायची कागदपत्रं: नोंदणीचा मेल, मूळ फोटो ओळखपत्र, दुसऱ्यासाठी घेत असाल तर त्याचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत. बिबवरचं नाव आणि गट तिथेच तपासा. मागच्या बाजूला रक्तगट, चालू औषधं आणि घरचा नंबर पेनाने भरा. वेळ नोंदणारी चिप बिबवर असते तेव्हा बिब दुमडू नका, नाहीतर वेळ नोंदली जात नाही.

११. शर्यतीची सकाळ

आदल्या रात्री आठच्या आत वरण-भात, दही-भात किंवा खिचडी. उसळ, कोशिंबीर, मटण आणि तिखट टाळा. मामलेदार मिसळ शर्यतीनंतर खा. बिब टीशर्टला चार पिनांनी रात्रीच लावा. पहिली लोकल तुम्हाला वेळेवर पोचवते का ते आधी बघा. सामान जमा करणं आणि रांगा धरून सुरुवातीच्या तासभर आधी तिथे असायला हवं.

पहिले ३ किलोमीटर ठरवलेल्या पेसपेक्षा हळू. सुरुवातीला सर्वांत पुढे उभे राहू नका. पाण्याच्या थांब्यावर पहिल्या टेबलाशी झुंबड असते, शेवटच्या टेबलाकडे जा आणि तिथे चालत प्या. खाली पडलेल्या बाटल्यांवर पाय मुरगळतो. घड्याळातलं अंतर फलकापेक्षा थोडं जास्त येतं, कारण वळणावर आपण आतली कड धरत नाही आणि उड्डाणपुलाखाली जीपीएस भरकटतं. घड्याळात २१ दिसले म्हणून शेवटचा जोर काढू नका, फलक बघा.

पंधराव्या किलोमीटरनंतर जड वाटणारच. तिथे ४:१ चं २:१ करा, पण गजर बंद करू नका. अंगावर काटा, थंडी वाजणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा तोल जाणं असं झालं तर स्वयंसेवकाला हाक मारा आणि शर्यत सोडा.

१२. फिनिश लाइननंतर

पटकन बसू नका. दहा मिनिटं चालत राहा, नाहीतर पायांत रक्त साठून घेरी येते. ओले कपडे लगेच बदला. मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस, आणि तासाभरात पोटभर जेवण. फोड आला असेल तर वरची कातडी सोलू नका, स्वच्छ धुऊन पट्टी लावा. पुढचे चार-पाच दिवस फक्त चालणं. लघवी चहाच्या रंगाची झाली किंवा खूप कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

रविवारी मेगाब्लॉक असेल तर तो बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो. पदक, फोटो आणि नाश्ता उरकून त्याआधीची ठाणे किंवा पनवेल लोकल पकडा, म्हणजे आवळलेल्या पोटऱ्यांनी पुलाचे जिने चढ-उतार करत प्लॅटफॉर्म बदलायची वेळ येणार नाही.